उत्तर वेल्सचे किल्ले : आधी पायी, मग विमानातून

उत्तर वेल्सचे किल्ले वरून दाखवणाऱ्या छोट्या विमानात जागा राखून ठेवताना तिकडच्या लोकांनी पैशांच्याही आधी विचारले ते आमचे वजन. चार आसनांच्या विमानात वैमानिक धरून चौघांचे वजन, इंधनाचे वजन आणि सामानाचे वजन यांचा हिशेब करूनच कोणी कुठे बसायचे ते ठरते, असे मुलीने समजावून सांगितले. माझ्या यजमानांनी स्वतःचा म्हणून कळवलेला आकडा तीन वर्षांपूर्वीचा होता, हे त्यांनी मँचेस्टरला तिच्या घरी पोहोचल्यावर, पहिल्या रात्रीचे जेवण झाल्यानंतर कबूल केले. मुलीने मुकाट्याने दुसरा ईमेल पाठवला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार दिवस उत्तर वेल्समध्ये काढले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तेराव्या शतकाच्या अखेरीस वेल्स जिंकले आणि जिंकलेला मुलूख ताब्यात राहावा म्हणून किनाऱ्याने किल्ले बांधले. त्यांपैकी कार्नार्व्हन, कॉन्वी, बोमॅरिस आणि हार्लेख हे चार किल्ले १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ते आधी पायी हिंडून आणि मग छोट्या विमानातून वरून पाहायचे, असा बेत मुलीने आखला होता. माझे माहेर मालवणचे. शाळेच्या वाटेवर सिंधुदुर्ग रोज डोळ्यांसमोर असे, त्यामुळे समुद्रकाठचा किल्ला म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. ती समजूत घेऊनच मी गाडीत बसले.

पहिला दिवस : कॉन्वी

मँचेस्टरहून निघालेला रस्ता चेस्टर ओलांडल्यावर वेल्समध्ये शिरतो आणि मग बराच वेळ समुद्राच्या कडेने जातो. हद्द ओलांडल्याची पहिली खूण म्हणजे पाट्या दोन भाषांत दिसू लागतात, आणि दुसरी म्हणजे रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘अराफ’ हा शब्द. अराफ म्हणजे सावकाश. पुढचे चार दिवस जावई जरा वेगात निघाले की मागच्या आसनावरून यजमान ‘अराफ, अराफ’ म्हणत राहिले.

कॉन्वीचा किल्ला १२८३ ते १२८७ या चार वर्षांत उभा राहिला. आठ भक्कम गोल बुरूज एका लांबट खडकावर दाटीवाटीने उभे आहेत, आणि किल्ल्यापासून निघालेला सव्वा किलोमीटरहून लांब, एकवीस बुरुजांचा तट सगळ्या गावाला वेढून पुन्हा किल्ल्याकडे येतो. त्या काळी किल्ला आणि तट मिळून सुमारे १५,००० पौंड खर्च आला होता. बांधकामाचा प्रमुख जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा सॅव्हॉय प्रांतातून आणलेला गवंडी होता, आणि एडवर्डच्या बहुतेक सर्व मोठ्या किल्ल्यांवर त्याचाच हात आहे. आपल्याकडे हिरोजी इंदुलकरांचे नाव रायगडाच्या पायरीवर राहिले. या जेम्सचे नाव मात्र राजाच्या हिशेबाच्या कागदांत राहिले आहे.

तटावरून चालता येते, आणि चालावेच. वारा असा होता की यजमानांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि उरलेला वेळ एक हात खिशावर ठेवून काढला. तटावरून गावाची परसदारे दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, कोणाच्या तरी मांजराची रोजची वाटही दिसते. तटाच्या आत राहायला आणलेले लोक मूळचे इंग्रज होते आणि वेल्श माणसाला तिथे घर करण्याची मुभा नव्हती, हे किल्ल्यातल्या फलकावर वाचले, तेव्हा त्या परसदारांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. बाजारात तर वेल्श कानावर पडतच होती.

खाली नदीवर तीन पूल शेजारी शेजारी आहेत. त्यांतला टेलफर्ड या अभियंत्याचा १८२६ सालचा झुलता पूल सर्वांत देखणा, आणि त्याचे खांब किल्ल्याला शोभतील असे बुरुजांच्या घाटाचे केले आहेत. शेजारचा रेल्वेचा पूल म्हणजे लोखंडी नळीच आहे. धक्क्यावर ब्रिटनमधले सर्वांत छोटे घर म्हणून एक लालचुटूक घर दाखवतात, ज्यात एकेकाळी सहा फुटांहून उंच असा कोळी राहत होता. आम्ही रांगेत उभे राहण्याऐवजी कांद्याच्या पातीसारख्या लीकचे आणि बटाट्याचे गरम सूप प्यायलो. निर्णय योग्य होता.

येणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. हे किल्ले ‘कादू’ नावाची सरकारी संस्था सांभाळते. कादू या वेल्श शब्दाचा अर्थच ‘राखणे’ असा आहे. तीनचार किल्ले पाहायचे असतील तर तिचा अनेक दिवसांचा पास सुट्या तिकिटांपेक्षा बराच स्वस्त पडतो. बुरुजांचे जिने गोल, अरुंद आणि झिजलेले आहेत, दोराला धरून चढावे लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी प्रत्येक बुरूज चढण्याचा हट्ट धरू नये. दोन चढले तरी पुरे.

दुसरा दिवस : ढग

कार्नार्व्हनला आम्ही एका घरगुती निवासात उतरलो होतो. घरमालकीण सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, आणि शब्द मोजून बोलणाऱ्या. सकाळी त्यांनी आमच्यापुढे ‘बारा ब्रिथ’ ठेवला. चहात रात्रभर भिजवलेले मनुके घालून केलेला हा पाव लोणी लावून खातात, आणि त्याच्या नावाचा अर्थ ठिपक्यांचा पाव. शाकाहारी यजमानांसाठी त्यांनी चीज आणि लीक घालून केलेले ग्लॅमॉर्गन सॉसेज तळले होते. मांसाचा कणही नसलेल्या पदार्थाला सॉसेज का म्हणायचे, असा प्रश्न यजमानांनी विचारला. त्यावर बाईंनी, आवडले की नाही ते सांगा, एवढेच म्हटले.

गावातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक वेल्श बोलतात. बाईही इंग्रजी शाळेत शिकल्या आणि घरात जन्मभर वेल्शच बोलल्या. वेल्शमध्ये दोन एल मिळून एक वेगळाच उच्चार होतो. ल म्हणताना जीभ टाळूला लावायची आणि आवाज न करता बाजूने हवा सोडायची. हे आम्हांला चार प्रयत्नांत कोणालाच जमेना, तेव्हा मी त्यांना आमचा ळ म्हणून पाहायला सांगितले. ‘कमळ’ चे ‘कमल’ झाले, ‘कमर’ झाले, एकदा ‘कमड’ही झाले. मग दोन्ही पक्षांनी समझोता केला आणि आणखी एकेक कप चहा झाला.

विमानतळ गावापासून आठनऊ किलोमीटरवर, दिनास दिन्ल्ले या किनाऱ्याच्या गावी आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने बांधलेली ही धावपट्टी अगदी समुद्राला लागून आहे. आम्ही दहाला पोहोचलो तेव्हा समोरचा डोंगर नव्हताच. ढगांचा तळ सातशे फुटांवर असल्याचे वैमानिकांनी सांगितले, आणि आम्ही दुसरे काही विचारण्याआधीच पुढे म्हणाल्या, “आज नाही. उद्या सकाळी नऊ.” त्या पन्नाशीच्या बाई होत्या. यजमानांच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी पाहिला आणि न पाहिल्यासारखे केले.

या निराशेतून एक गोष्ट हाती लागली. धावपट्टीशेजारी छोटे विमान संग्रहालय आहे, आणि तिथे समजले की पर्वतीय बचावाचे संघटित काम ब्रिटिश हवाई दलात याच तळावर मूळ धरू लागले. युद्धकाळात इथून प्रशिक्षणासाठी उडणारी विमाने ढगांत वाट चुकून मागच्या डोंगरांवर आदळत. तळावरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने जखमींना शोधून खाली आणण्यासाठी माणसे जमवायला सुरुवात केली, आणि त्यातून हवाई दलाची पर्वतीय बचाव पथके उभी राहिली. आजही तटरक्षक दलाचे बचाव हेलिकॉप्टर याच विमानतळावर असते. आम्ही कॉफी पीत असतानाच ते निघून गेले. ‘आज नाही’ या दोन शब्दांचे वजन मला तिथे नीट कळले.

दुपार कार्नार्व्हनच्या किल्ल्यात गेली. याचे बुरूज गोल नाहीत, बहुकोनी आहेत, आणि भिंतींत फिकट व गडद दगडाचे आडवे पट्टे आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी आणि राजा रोमन सम्राटांचा वारस वाटावा, हा त्यामागचा हेतू असल्याचे अभ्यासक मानतात. गावामागच्या टेकाडावर सेगोंटियम या रोमन छावणीचे अवशेष आहेत, तेव्हा ती आठवण अगदीच परकी नव्हती. १२८३ मध्ये काम सुरू झाले आणि १२८४ मध्ये, बांधकाम चालू असतानाच, एडवर्डच्या मुलाचा जन्म इथे झाला. तोच पुढे दुसरा एडवर्ड. १९११ आणि १९६९ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या पदग्रहणाचे सोहळे याच चौकात झाले. मला त्यापेक्षा १२९४ ची हकिकत अधिक रोचक वाटली: वेल्श बंडखोर मादोग याने त्या साली अर्धवट बांधलेला हा किल्ला आणि गाव दोन्ही काबीज केले. त्याच हिवाळ्यात राजा स्वतः कॉन्वीत अडकून पडला आणि रसद फक्त समुद्रातून येत राहिली.

ही माहिती मी वहीत टिपली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी दोन हजार फुटांवर ती आठवली.

तिसरा दिवस : उड्डाण

पहाटे खिडकीतून तारे दिसले. नऊ वाजता धावपट्टीवर वारा पश्चिमेचा, मध्यम, आणि आकाश डोंगरांच्या माथ्यांचा भाग सोडला तर मोकळे होते.

विमान सेस्ना १७२ जातीचे होते. यात पंख प्रवाशांच्या डोक्यावर असतात, त्यामुळे खाली पाहायला आडकाठी होत नाही. किल्ले पाहण्यासाठी उडायचे तर असेच विमान मागून घ्यावे. वैमानिक बाईंनी पंखाखालच्या टाकीतून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढले आणि उजेडात धरून पाहिले. ते फिकट निळे होते. पाण्याचा अंश असेल तर तळाला वेगळा दिसतो, असे त्यांनी सांगितले. मग त्या शिडीवर चढून टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजून आल्या. सगळ्या तपासण्या हाताने, डोळ्याने आणि न घाई करता चालल्या होत्या. आमच्या गावचा जुना नाखवा होडी समुद्रात लोटण्याआधी असाच तिच्याभोवती फिरायचा.

वजनाच्या हिशेबाने यजमानांना पुढे, वैमानिकांच्या शेजारी बसावे लागले. सर्वांत घाबरलेल्या माणसाच्या पुढ्यात दुसरे स्टिअरिंग आले. ते वैमानिकांच्या स्टिअरिंगबरोबर आपोआप हलते, आणि प्रत्येक हालचालीला यजमान आपले गुडघे बाजूला घेत. जावई नातवाला घेऊन उपाहारगृहात थांबले. कानांवर हेडफोन चढवले, कमरेला जीवरक्षक जाकिटाची पिशवी बांधली, आणि मोटारसायकलच्या दहापट आवाज करत विमान धावू लागले.

उड्डाण इतके चटकन होते की त्याची भीती वाटायला वेळ मिळत नाही. पट्टी संपते तिथे समुद्र सुरू होतो, आणि आम्ही समुद्रावरच होतो. उजवीकडे वळताच मेनाई सामुद्रधुनीचे तोंड दिसले: ओहोटी चालू असल्यामुळे वाळूचे पिवळे पट्टे आणि त्यांमधून वाकडीतिकडी वाहणारे गडद पाणी. अँगलसी बेट आणि वेल्सची मुख्य भूमी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी वरून एखाद्या नदीसारखीच भासते.

कार्नार्व्हनचा किल्ला आधी पंखाखाली लपला, मग विमान डावीकडे कलले आणि तो पूर्ण समोर आला. काल खालून पाहताना तो प्रचंड होता. वरून त्याचा आकार प्रथमच समजला: मध्ये चिमटलेला, वाळूच्या घड्याळासारखा. चौकात पाटीच्या दगडाचा करडा गोल दिसत होता, १९६९ च्या सोहळ्यासाठी केलेला तो चौथरा. एका बाजूला सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला सायंट नदीचे मुख, आणि उरलेल्या बाजूला तटाच्या आत आवळून धरलेले छोटे गाव. त्या गावाच्या मागे शेते, शेतांमागे डोंगर. कोणीतरी गाव आणि किल्ला उचलून जमिनीच्या अगदी शेवटच्या टोकावर, पाण्यात पाय बुडतील असा ठेवला होता.

पुढे सामुद्रधुनीवरचे दोन पूल आले. १८५० सालचा ब्रिटानिया पूल मूळचा नळीचा. १९७० मध्ये त्याला आग लागली आणि आता तो कमानींवर उभा आहे, खाली रेल्वे आणि वर रस्ता. दुसरा टेलफर्डचाच झुलता पूल, कॉन्वीच्या पुलासारखा हाही १८२६ चा. त्याखालून उंच शिडांची जहाजे गेली पाहिजेत, हा नौदलाचा आग्रह होता, म्हणून तो भरतीच्या पाण्याच्या शंभर फूट वर टांगला आहे. दोन पुलांच्या मध्ये खडकांभोवती पाणी गरगर फिरताना दिसत होते, आणि त्या भोवऱ्यांच्या मधोमध एका इवल्याशा बेटावर पांढरे घर होते. तिथे पूर्वी मासे अडकवायचे दगडी बांध होते, असे बाईंनी सांगितले. मुलगी म्हणाली, “आई, तिथे दूध कोण घालत असेल?” हेडफोनमधून सर्वांनी ऐकले, बाईंनाही भाषांतर हवे होते, आणि त्यांनी गंभीरपणे उत्तर दिले की बहुधा ओहोटीच्या वेळापत्रकाने.

बोमॅरिस हा मला वरून सर्वांत आवडलेला किल्ला. जमिनीवरून तो बुटका दिसतो, कारण तो पुरा झालाच नाही. वरून मात्र तो वहीत कंपास आणि पट्टीने काढलेल्या आकृतीसारखा आहे: आत चौकोनी तट, त्याला वेढून दुसरा तट, दोन्हींवर एकमेकांना तोलून धरणारे बुरूज, आणि भोवती पाण्याचा खंदक. मादोगचे बंड मोडल्यानंतर १२९५ मध्ये हे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी जेम्सने राजाच्या कोषागाराला पाठवलेल्या पत्रात ४०० पाथरवट व गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार आणि दगड व कोळसा वाहणाऱ्या ३० होड्यांचा हिशेब दिला आहे, आणि पगारासाठी पैसे मागितले आहेत. राजाचा पैसा आणि लक्ष तोवर स्कॉटलंडच्या लढाईकडे वळले होते. बुरुजांचे माथे तसेच राहिले. दक्षिणेच्या दाराशी, खंदकाला जोडून, जहाज लागावे म्हणून ठेवलेली गोदी बाईंनी बोट दाखवून दाखवली. भरतीच्या वेळी रसदेचे जहाज थेट किल्ल्याच्या दाराशी येई.

मग कालची टीप आठवली, आणि त्यानंतर मी प्रत्येक किल्ल्यात आधी पाणी शोधू लागले. एडवर्डचे किल्ले समुद्रावर हुकूमत गाजवायला बांधलेलेच नाहीत. समुद्र त्याचा होताच. भीती होती ती पाठीमागच्या डोंगरांची, आणि किल्ला पाण्याला अशासाठी चिकटलेला की डोंगरातले लोक उतरून वेढा घालतील तेव्हा मागच्या दाराने जेवण यावे. आमच्या मालवणला याच्या नेमके उलट. महाराजांना १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग घालावा लागला तो समुद्रावर दुसऱ्यांची सत्ता होती म्हणून. त्याची पाठ किनाऱ्याकडे, आपल्या माणसांकडे, निर्धास्त आहे. एवढी साधी गोष्ट समजायला मला इतके पैसे खर्चून आकाशात जावे लागले, हे खरे आहे.

बोमॅरिसच्या पुढे, बेटाच्या टोकाला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह आणि त्यापलीकडे पफिन बेट. तिथून खाडी ओलांडून कॉन्वी. ज्या तटावर परवा टोपी सांभाळत चाललो होतो तो आता गावाभोवती गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा दिसत होता. या तटाचा आकार वेल्श हार्पसारखा आहे असे तिथे सांगतात; मला तो सुपासारखा वाटला.

परतीची वाट अँगलसीवरून होती. दक्षिण टोकाजवळ न्यूबरो गाव आहे. बोमॅरिसच्या जागेशेजारी पूर्वी ल्लानव्हाइस हे वेल्श लोकांचे भरभराटीचे बंदर होते. किल्ल्यासाठी ते उठवले आणि माणसे बेटाच्या या दुसऱ्या टोकाला आणून वसवली, म्हणून नाव ‘नवे गाव’. दोन्ही ठिकाणे पाच मिनिटांच्या अंतराने खिडकीतून पाहिली. धरणाखाली गेलेल्या गावांच्या नव्या वसाहतींची नावे आपल्याकडे अशीच असतात. त्यापलीकडे पाइनचे जंगल आणि समुद्रात घुसलेले ल्लानद्विन बेट, ज्यावर वेल्सच्या प्रेमिकांची संत द्विनवेन हिचे जुने देऊळ आणि शंकूसारखा पांढरा मनोरा आहे. तिचा सण २५ जानेवारीला असतो. यजमान प्रथमच मागे वळून हसले.

कार्नार्व्हनचा उपसागर ओलांडताना विमान जरा उंच गेले, आणि समोर ल्लीन द्वीपकल्पाचे तीन शिखरांचे अर आयव्हल हे डोंगर आले. त्यातल्या एका शिखरावर लोहयुगातली वस्ती आहे, त्रेर केयरी. दगडी तटाच्या आत शेदीडशे घरांची वर्तुळे अजून शाबूत आहेत; मधमाश्यांचे पोळे आडवे ठेवावे तसे ते वरून दिसते. इथल्या लोकांचा किल्ला हा असा, डोंगरावर, आणि राजाचा तो तसा, पाण्यात. हा नियम मी मनात पक्का करत होते तोच क्रिकिएथ आले आणि नियम मोडला. क्रिकिएथचा किल्ला थोरल्या ल्लवेलिन या वेल्श राजाने बांधायला घेतला आणि तोही समुद्रात घुसलेल्या टेकाडावरच आहे. असो.

हार्लेख शेवटी आले. उभ्या कड्यावर चार बुरुजांचा चौकोन, पण त्याच्या पायाशी समुद्र नाही. किल्ला बांधला तेव्हा कड्याखाली जहाजे लागत. आता तिथे रेल्वे, मग गोल्फचे मैदान, मग वाळूच्या टेकड्या, आणि मग दूरवर लाटांची पांढरी रेघ. वाळू साठत गेली आणि समुद्र मागे हटला. चौघांपैकी हा एकच किल्ला पाण्यापासून तुटला होता, आणि वरून पाहताना तो वाट चुकलेल्या माणसासारखा उभा होता.

डावीकडे अर विद्वा, म्हणजे स्नोडन, १,०८५ मीटर, ढगात होता तो ढगातच राहिला. बाईंनी तिकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. उतरताना, चाके टेकण्याच्या क्षणी, शिट्टीसारखा कर्कश आवाज झाला आणि यजमानांनी डोळे मिटले. पंखांची उचल संपत आली की ही शिट्टी वाजतेच आणि चांगल्या उतरण्यात ती वाजावीच, हे त्यांना नंतर सांगण्यात आले. आधी सांगितले असते तर बरे झाले असते, असे त्यांचे मत आजही आहे.

ज्यांना असे उड्डाण करायचे आहे त्यांनी ते मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी ठेवावे, म्हणजे ढग आले तर पुढचे दिवस हाताशी राहतात. गडद रंगाचे कपडे घालावेत. पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब खिडकीत पडते आणि सगळी छायाचित्रे त्याचीच येतात. कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी काच, लावू नये, प्लास्टिकच्या खिडकीवर इंद्रधनुषी डाग उमटतात. नाश्ता हलका करावा आणि आलेपाक जवळ ठेवावा. भरतीओहोटीचे वेळापत्रक पाहून वेळ निवडता आली तर फारच उत्तम: ओहोटीत वाळूचे आकार दिसतात, भरतीत किल्ले जसे असायला हवेत तसे दिसतात.

चौथा दिवस : हार्लेख

वरून पाहिलेले खालून पडताळून पाहायचे म्हणून शेवटच्या दिवशी गाडीने हार्लेखला गेलो. वाटेत क्रिकिएथला आइस्क्रीमसाठी थांबलो. तिथल्या किल्ल्याच्या काही दगडांवर वेल्श बंडखोर ओवेन ग्लिंदूर याने १४०४ मध्ये लावलेल्या आगीची तांबडी छटा अजून दिसते, असे सांगतात. ती शोधण्यात नातवाने अर्धा तास रमून काढला आणि प्रत्येक दगड तांबडा ठरवला.

हार्लेख १२८९ मध्ये पुरा झाला आणि त्याला सुमारे ८,१९० पौंड लागले. कॉन्वीच्या मानाने स्वस्त, पण कामगिरीने सर्वांत थोर. मादोगच्या बंडात तो टिकला कारण आयर्लंडहून समुद्रमार्गे धान्य आले. ग्लिंदूरने १४०४ मध्ये तो घेतला आणि १४०९ पर्यंत राखला. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धात’ १४६१ ते १४६८ अशी सात वर्षे आतल्या माणसांनी तो लढवला. किल्ल्यापासून कड्याच्या पायथ्याला समुद्राकडे उतरणारा १०८ पायऱ्यांचा मार्ग आहे, तीच त्याची रसदेची वाट. आम्ही तटावर उभे राहून ती वाट नजरेने खालपर्यंत नेली. ती जिथे संपते तिथे रेल्वेचे फाटक होते आणि एक छोटी दोन डब्यांची गाडी थांबलेली होती.

गावातून खाली उतरणारी फोर्द पेन ल्लेख ही गल्ली काही काळ जगातली सर्वांत उभी गल्ली म्हणून गाजली होती. नंतर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या गल्लीने तो मान परत मिळवला. यजमान म्हणाले, विमानात पुढे बसलो, आता एवढे काय. आणि ते उतरले. आम्हीही त्यांच्यामागे भिंतीला धरून उतरलो. खाली पोहोचल्यावर त्यांनी मान वर करून गल्लीकडे पाहिले, मग कड्यावरच्या किल्ल्याकडे, आणि कठड्यावर बसकण मारली. वर चढून जाणे होणार नव्हते. जावयांना फोन केला. ते नातवासह वळसा घालून गाडी खाली आणेपर्यंत आम्ही तिघे बरोबर त्या ठिकाणी बसलो होतो जिथे एकेकाळी आयर्लंडची जहाजे लागत. गाडी आली तेव्हा तिच्यात रात्रीच्या प्रवासासाठी घरमालकिणीने बांधून दिलेला अख्खा बारा ब्रिथ होता.